लॅब घ्यायचा की गोल्डन? दिसायला सारखे, सांभाळायला नाही

दोन महिन्यांचं क्रीम रंगाचं लॅबचं (म्हणजे लॅब्राडोर कुत्र्याचं) पिल्लू आणि गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू शेजारी ठेवलं तर भलेभले फसतात, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. "गोल्डन लॅब आहे साहेब, रेअर आहे" असं कोणी म्हणालं तर तो साधा पिवळा लॅब असतो किंवा दोघांचा क्रॉस, रेअर बिअर काही नाही. ओळखायचं असेल तर शेपटी बघा. लॅबची मुळाशी जाड, सगळीकडून आखूड केसांची, आणि गोल्डनच्या शेपटीखाली लहानपणीच केस जरा लांब, मऊ, लहरी दिसायला लागतात. काळा किंवा चॉकलेटी असेल तर प्रश्नच मिटला, तो लॅब.

दोघं मूळचे शिकारी कुत्रे, म्हणजे गोळी लागून पडलेला पक्षी न चावता तोंडात धरून मालकाकडे आणायचं काम. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या कोळ्यांकडे होते, पुढे ब्रिटनमध्ये त्यांची जात पक्की झाली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) मान्यता दिली. गोल्डन स्कॉटलंडचा, लॉर्ड ट्वीडमाउथने १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली तिथून सुरुवात. त्यामुळे तुमची चप्पल, टॉवेल, मुलाचा मोजा तोंडात घेऊन घरभर मिरवणं दोघांच्या रक्तातच आहे, त्यासाठी ओरडून उपयोग नाही, त्याच्या हक्काचं काहीतरी तोंडात द्या.

आता लोक सगळ्यात जास्त विचारतात ते स्वभावाबद्दल, आणि माझं स्पष्ट मत आहे की स्वभावावरून निवडूच नका. दोघं माणसाळलेले, मुलांशी चांगले, आणि राखणीला दोघं सारखेच निकामी (चोर आला तर त्याला बॉल आणून देतील). फरक आहे तो एवढाच की लॅब जरा धसमुसळा, अंगावर उडी मारणार, शेपटीने टीपॉयवरचे कप खाली पाडणार, आणि रागावलं तरी दोन मिनिटांत विसरणार. गोल्डन जरा हळवा, आवाज चढवला की कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि घर दिवसभर रिकामं असेल तर त्याला ते जास्त लागतं. शहाणपण मात्र दोघांना दोन-अडीच वर्षांशिवाय येत नाही, तोवर ३० किलोचं पिल्लू सांभाळायचं हे धरूनच चला.

खरा फरक रोजच्या कामात आहे. लॅबचं काम म्हणजे त्याचं पोट. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या पीओएमसी नावाच्या जीनमधला एक तुकडा गायब असतो, त्यामुळे भुकेवर ब्रेक लागत नाही, आणि २०२४ मध्ये हेही कळलं की असे लॅब नुसते बसलेले असताना सुमारे २५ टक्के कॅलरी कमी जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी, आणि वर आपल्याकडे आजी एक चपाती देते, आजोबा बिस्किट देतात, कामवाल्या मावशी उरलेला भात देतात, आणि कोणीच कोणाला सांगत नाही. मग चार वर्षांचा लॅब जिना चढताना धापा टाकतो आणि सगळे म्हणतात "हेल्दी आहे". खाणं वाटीने नाही, वजनकाट्यावर मोजून द्या आणि घरात देणारा माणूस एकच ठेवा. बरगड्या दिसायला नकोत पण हात फिरवला की लागल्या पाहिजेत.

याच हावरटपणाचा फायदाही आहे, एका तुकड्यासाठी लॅब काहीही शिकतो. असिस्टन्स डॉग (दिव्यांगांना मदत करणारा कुत्रा) म्हणून निवडलेल्या लॅबमध्ये तो जीनचा बिघाड बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त सापडला. पोलिसांच्या श्वानपथकातही लॅब दिसतात ते काही उगाच नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत आरडीएक्स हुंगून काढणारा झंजीर लॅबच होता.

गोल्डनचं काम म्हणजे केस. गळतात दोघांचेही, लॅबचे तर आखूड असून सोफ्यात आणि काळ्या पॅंटमध्ये असे रुततात की निघत नाहीत, पण गोल्डनच्या कानामागे, काखेत, मांड्यांच्या झालरीत गुंता होतो. आठवड्यातून तीन-चारदा ब्रश पाहिजेच, आणि नुसता वरवर नाही, खालच्या मऊ थरापर्यंत. मुंबई, कोकण, गोवा इकडे पावसाळ्यात फिरून आल्यावर ड्रायरने कातडीपर्यंत कोरडं नाही केलं तर आत ओल राहते, तो खाजवत बसतो आणि दोन दिवसांत ओली लाल जखम दिसते. गोचीडसुद्धा त्या दाट केसांत लवकर सापडत नाहीत आणि टिक फीव्हर आपल्याकडे चांगलाच जिवावर बेततो, त्यामुळे बोटांनी चाचपून बघा, कानाच्या आत आणि पंजाच्या बेचक्यात पण. आणि प्लीज, उन्हाळा आला म्हणून टक्कल करू नका! ती दोन थरांची फर उन्हापासून वाचवते आणि एकदा काढली की कधीकधी नीट परत येत नाही. फिरवणं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, दोघांनाही.

आजारांत कंबरेच्या सांध्याचा त्रास दोघांत आहे, म्हणून गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. गोल्डनमध्ये कॅन्सर जास्त दिसतो, अमेरिकेत २०१२ पासून ३००० हून जास्त गोल्डनचा आयुष्यभराचा अभ्यास त्यासाठीच चालू आहे, त्यामुळे अंगावर कुठे गाठ लागली तर "बघू पुढच्या महिन्यात" करू नका.

पिल्लू घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तीस-पस्तीस दिवसांची सर्रास विकतात, तिथून उठून या. आई दाखवायला सांगा, आई-बापाच्या कंबरेचा एक्सरे विचारा, "डबल बोन" (म्हणजे जाड हाडांचा) वगैरे ऐकून जास्त पैसे देऊ नका. आणि मोठा झाला, आवरत नाही म्हणून सोडून दिलेले दोन-तीन वर्षांचे लॅब, गोल्डन शेल्टरमध्ये भरपूर असतात, त्यांचं खाणं, केस, वागणं सगळं आधीच समोर दिसतं. लॅब आणलात तर पहिल्या दिवसापासून कचऱ्याचा डबा ओट्याखाली नाही, बाल्कनीच्या दाराबाहेर.