कॉलेट (मिलिंग मशीन)

एंडमिल, स्लॉट ड्रिल अशा सरळ शँकच्या (दांड्याच्या) कटरला मशीनच्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या दंडाच्या, बरोबर मध्यावर धरून ठेवणारी, उभ्या चिरा पाडलेली स्प्रिंग स्टीलची नळी म्हणजे कॉलेट. बाहेरून निमुळती, आतून सरळ. नट आवळला किंवा ड्रॉबार (स्पिंडलमधून जाणारी ओढणारी दांडी) ओढला की कॉलेट निमुळत्या भोकात शिरते, चिरा मिटतात आणि शँक चहूबाजूंनी सारखी दाबली जाते. ड्रिल चकचे जबडे शँकला तीनच रेघांवर धरतात आणि आडव्या दाबाने सैल होतात; म्हणून चकमध्ये एंडमिल लावून मिलिंग करू नये, काम कितीही घाईचे असो.

कोणत्या जातीचे कॉलेट घ्यायचे हे आधी मशीन ठरवते. मुंबईत साकीनाका, मरोळपासून वसईपर्यंतच्या गाळ्यांत हाताने चालवायची टरेट मिलिंगही आहेत आणि व्हीएमसीही (संगणकाने चालणारी उभी मिलिंग मशीन). स्पिंडलचे निमुळते भोक आर-८ या मापाचे असेल तर कॉलेट थेट स्पिंडलमध्ये बसते. मध्ये होल्डर (कॉलेट धरणारा वेगळा जोड) नसल्यामुळे कटर कमी बाहेर येतो, पकड ताठ राहते. पण आर-८ कॉलेट फारच थोडे मिटते, त्यामुळे प्रत्येक मापाला वेगळे कॉलेट लागते. आयएसओ-४० किंवा बीटी-४० टेपरच्या (निमुळत्या भोकाच्या मापाच्या) मशीनवर होल्डर लागतो आणि त्यात बहुधा ईआर नावाच्या जातीचे कॉलेट. ही रचना १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने आणली. तिचा टेपर एका बाजूला ८ अंशांचा असतो.

ईआरपुढचा आकडा कॉलेटच्या बाहेरच्या व्यासाजवळचा असतो. ईआर-१६ मध्ये १० मिमीपर्यंतची शँक बसते, ईआर-२० मध्ये १३, ईआर-२५ मध्ये १६ आणि ईआर-३२ मध्ये २० मिमीपर्यंतची. सर्वसाधारण कामाला ईआर-३२ पुरते. मात्र तिचा नट सुमारे ५० मिमी व्यासाचा असतो. व्हाइसच्या जबड्याजवळ किंवा डायच्या (साच्याच्या) खोल खिशात, म्हणजे कोरलेल्या पोकळीत, तो जॉबला घासतो. तिथे ईआर-१६ चा बारीक नटवाला लांब होल्डर घ्यावा आणि कट हलका ठेवावा.

माप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बहुतेक ईआर कॉलेट १ मिमी मिटते, म्हणून तिच्यावर १०–९ किंवा १२–११ असे लिहिलेले असते. पकड वरच्या मापावर सर्वांत चांगली. १० मिमीच्या शँकला १०–९ हेच कॉलेट लावावे. ११–१० मध्येही ती शँक धरली जाते, पण मिटून मिटून कॉलेटच्या पाकळ्या वाकड्या होतात आणि शँकला भोकाच्या पूर्ण लांबीभर टेकत नाहीत. उलट, वरच्या मापापेक्षा जाड शँक ठोकून बसवली तर कॉलेट कायमचे फाकते.

सुतातल्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कटरची अडचण याच कारणाने होते. चार सूत म्हणजे १२.७ मिमी, १३–१२ मध्ये ठीक चालते. दोन सूत मात्र ६.३५ मिमी, आणि ७–६ चे कॉलेट त्यासाठी ०.६५ मिमी मिटवावे लागते. असे कटर रोज लागत असतील तर इंची मापाचे कॉलेट वेगळे घ्यावे.

रनआउट

कटर स्पिंडलच्या मध्यावर न फिरता डगमगत फिरतो, ते रनआउट; ते डायल (काट्याचे मापक) लावून मोजतात. दोन दातांचा कटर प्रति दात ०.०३ मिमी फीडने (पुढे सरकण्याने) चालतो आहे आणि कटरपाशी डायल ०.०२ मिमी फिरते आहे, असे समजा. एक दात ०.०५ मिमी कापतो, दुसरा जेमतेम ०.०१. पहिला लवकर बोथट होतो, दुसरा नुसता घासतो. ३ मिमीचा कार्बाइड कटर अशा वेळी मोडतो, आणि दोष मात्र कटरच्या माथी मारला जातो. साध्या प्रतीच्या कॉलेटला १० ते २० मायक्रॉन रनआउट चालवून घेतात, चांगल्या प्रतीचे ५ मायक्रॉनच्या आसपास असते.

तपासायला ग्राइंड केलेली १० मिमीची पिन धरावी आणि नटापासून २५ मिमीवर डायल लावावी. डायल फार फिरली तर कॉलेट होल्डरमध्ये १८० अंश फिरवून पुन्हा बघावे. जास्तीत जास्त रीडिंगची जागा कॉलेटबरोबर फिरली तर दोष कॉलेटचा. होल्डरच्या त्याच बाजूला राहिली तर होल्डर किंवा स्पिंडल तपासावे.

बसवणे

ईआर कॉलेट आधी नटात बसवायचे. नटात आतल्या बाजूला मध्यापासून सरकलेली एक कडी असते. कॉलेट तिरपे धरून तिची खाच त्या कडीत अडकवायची आणि सरळ करायचे, ‘टक’ असा आवाज येतो. कॉलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवला तर ती खाच कडीत येतच नाही: कटर वाकडा धरला जातो, आणि नट सोडल्यावर कॉलेट आतच अडकून बसते.

टेपर आणि भोक कोरड्या कापडाने पुसावे. चिरेतली एक बारीक चिपसुद्धा डायलवर दिसते. शँक भोकाच्या किमान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत आत असावी, पण दातांचे खाचे आत जाऊ नयेत. ईआर-३२ च्या नटाला उत्पादकांच्या तक्त्यात साधारण १३६ न्यूटन-मीटर दिलेले असते, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब पान्यावर सुमारे ३५ किलोचा जोर. पान्याला पाइप लावून आवळू नये.

जड रफिंगमध्ये (सुरुवातीच्या ढोबळ कापणीत), विशेषतः जास्त हेलिक्सच्या (दातांना जास्त पीळ असलेल्या) कटरवर, कटर हळूहळू खाली ओढला जातो आणि खिसा ठरल्यापेक्षा खोल होतो. शँकवर तेल असेल तर हे आणखी लवकर घडते. अशा कामाला शँकवर सपाट खाच असलेला कटर आणि बाजूच्या स्क्रूचा होल्डरच योग्य.

खरेदी आणि निगा

नागदेवी स्ट्रीटवर ३ ते २० मिमीचा १८ नगांचा स्वस्त सेट घेण्याचा मोह होतो. त्याच पैशांत ६, ८, १०, १२ आणि १६ ची चांगली पाच कॉलेट घ्यावीत. कार्बाइड कटरच्या शँक मुख्यतः याच मापांच्या असतात. जाताना ग्राइंड केलेली पिन खिशात ठेवावी आणि भोकात सरकवून बघावी: तोंडाशी घट्ट व आत ढिली लागली तर घेऊ नये.

मुंबईच्या पावसाळ्यात घामाचे बोट लागलेल्या टेपरवर रात्रीतून तांबूस डाग उठतो. काम संपल्यावर गंजरोधक तेलाचा पातळ हात द्यावा आणि वापरण्याआधी तो पूर्ण पुसावा. गंजाचे खड्डे पडलेले किंवा तोंडाशी फाकलेले कॉलेट पॉलिश पेपरने सुधारत नाही. त्याच्या तोंडावर ग्राइंडरने खूण करून ते भंगारात टाकावे, नाहीतर दुसऱ्या पाळीचा माणूस तेच उचलून लावतो.