ट्रिप्सिन आणि पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या

इव्हान्स ब्लू हा रंग गिनीपिगच्या शिरेत टोचला, की तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि अल्ब्युमिनबरोबर रक्तवाहिन्यांमध्येच फिरत राहतो. मात्र त्याच प्राण्याच्या त्वचेत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमचे सौम्य द्रावण टोचले, तर काही मिनिटांतच तेथे निळा डाग उमटतो. त्वचेचा तेवढा तुकडा फॉर्मामाइड या द्रावकात ठेवला की रंग द्रावणात उतरतो, आणि ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्याची तीव्रता मोजून गळतीचे प्रमाण काढता येते.

प्रथिने कापणे हेच ट्रिप्सिनचे काम असल्याने त्याने रक्तवाहिनीची भिंत कुरतडली असावी, असे वाटणे साहजिक आहे. पण थोड्या मात्रेतील गळतीमागचे मुख्य कारण वेगळे आणि माझ्या मते अधिक विलक्षण आहे. १९४९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे मौरिसियो रोचा ए सिल्व्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कुत्र्याच्या रक्तातील ग्लोब्युलिन प्रथिनांत जराराका सापाचे विष मिसळले काय किंवा ट्रिप्सिन मिसळले काय, दोन्ही वेळा एकच प्रभावी द्रव्य मोकळे होते. ते द्रव्य म्हणजे ब्रॅडिकायनिन, अवघ्या ९ अमायनो आम्लांची साखळी. ते रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवरील ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक द्रव्य ओळखणारी प्रथिने) चिकटले, की त्या पेशी एकमेकींपासून किंचित दूर सरतात आणि मधल्या फटींतून अल्ब्युमिनसह पाणी ऊतींत झिरपते. शिवाय ट्रिप्सिनमुळे ऊतींतून हिस्टामिन हे रक्तवाहिन्या पाझरायला लावणारे द्रव्यही सुटते आणि गळतीत भर पडते.

एरवी हे घडत नाही, कारण स्वादुपिंड ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात तयार करते, ते लहान आतड्यात पोहोचल्यावरच कार्यक्षम होते, आणि चुकून रक्तात आलेच तर तेथील प्रतिबंधक प्रथिने त्याला जखडून ठेवतात. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात ही शिस्त मोडते. उंदरांना सेरुलिन हे स्वादुपिंडाला अतिउत्तेजित करणारे द्रव्य देऊन असा दाह घडवता येतो. त्यांना ब्रॅडिकायनिनचा ग्राहक अडवणारे औषध आधीच दिले, तर ग्रंथीची सूज बरीच कमी होते.

रुग्णांच्या बाबतीत मात्र निराशा पदरी आली. ट्रिप्सिन रोखणारे अ‍ॅप्रोटिनिन देऊनही ब्रिटनमधील १९७० च्या दशकातील चाचणीत मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. प्रयोगशाळेत औषध दाहाच्या आधी देता येते. रुग्ण दवाखान्यात येतो तोवर पोटदुखी सुरू होऊन कित्येक तास उलटलेले असतात आणि एन्झाइमने सुरू केलेली साखळी पुढे गेलेली असते, हे त्यामागचे एक सबळ कारण मानता येईल.