यंत्र कंपनीचं, बाटलीही कंपनीचीच

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करणाऱ्या यंत्राच्या पोटात एक सूक्ष्म छिद्र असतं. खारट द्रावणात पातळ केलेलं रक्त त्यातून जातं आणि त्याच वेळी छिद्रातून बारीक वीजप्रवाह वाहत असतो. पेशी वीज सहजी जाऊ देत नाही, म्हणून प्रत्येक पेशी छिद्र ओलांडताना रोध क्षणभर उसळतो. उसळ्या मोजल्या की पेशींची संख्या कळते, उसळीच्या उंचीवरून पेशीचा आकार. अमेरिकेच्या वॉलेस कूल्टर यांना या युक्तीचं पेटंट 1953 साली मिळालं. आजच्या यंत्रांत लेझरही आले, तरी ही युक्ती टिकून आहे.

युरोपात या यंत्रांचा खरा धंदा चालतो तो रीएजंटवर, म्हणजे तपासणीला लागणाऱ्या रासायनिक द्रावणांवर. अनेक रुग्णालयं यंत्र विकत घेतच नाहीत. कंपनी ते काही वर्षांसाठी बसवून देते, बदल्यात रीएजंट तिच्याकडूनच घ्यायचे. बाटलीवरचा कोड यंत्र वाचतं. परक्या कंपनीची बाटली सहसा चालत नाही. अचूकतेसाठी हे बरंच आहे, पण लॅब एका गोदामाशी बांधली जाते. 2020 च्या शरदात रोश कंपनीने इंग्लंडमधलं गोदाम नव्या जागी हलवलं, तिथे घोळ झाला आणि काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या तपासण्या थांबवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2021 मध्ये, बीडी कंपनीच्या रक्त घेण्याच्या नळ्या अपुऱ्या पडल्या. जांभळ्या किंवा पिवळ्या बुचाची साधी नळी! इंग्लंडच्या आरोग्यसेवेने रुग्णालयांना तपासण्या किमान 25 टक्क्यांनी कमी करायला सांगितलं.

दुसरा कल एकत्रीकरणाचा. छोट्या लॅबमधले नमुने मोठ्या केंद्रात नेऊन, पट्ट्यावरून यंत्रायंत्रांत फिरवून तपासायचे. दर नमुन्यामागे खर्च कमी होतो, हे मान्य. पण 3 जून 2024 रोजी लंडनच्या सिनोव्हिस या पॅथॉलॉजी सेवेवर सायबर हल्ला झाला आणि रक्तगट जुळवण्याचं काम इतकं मंदावलं की ओ गटाच्या दात्यांना जाहीर आवाहन करावं लागलं. ओ निगेटिव्हच्या लाल पेशी गट न जुळवताही देता येतात. दोन मोठ्या रुग्णालय-समूहांत मिळून 1,700 हून अधिक नियोजित शस्त्रक्रिया व उपचार पुढे ढकलले गेले. खरेदीच्या निविदेत दर नमुन्याच्या खर्चाइतकंच वजन पर्यायी पुरवठादार आणि शिल्लक साठ्याला द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

यात आता युरोपीय संघाचा नवा कायदाही आहे, 26 मे 2022 पासून लागू. पूर्वी बहुतेक तपासणी-किट कंपन्या स्वतःच प्रमाणित करत; आता सुमारे 80 टक्के किटना स्वतंत्र संस्थेची मंजुरी लागते. रुग्णासाठी हे चांगलंच. मात्र मंजुरी देणाऱ्या संस्था मोजक्या, म्हणून जुन्या किटना धोक्याच्या वर्गानुसार 2027 ते 2029 अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. सीबीसीसारख्या रोज लाखोंनी होणाऱ्या तपासणीला मंजुरीचा खर्च जड नाही. दुर्मिळ आजाराच्या, वर्षाला मोजक्याच विकल्या जाणाऱ्या किटला तो झेपत नाही, आणि एखादं किट बंद करायचं झालं की कंपन्या आधी याच किटकडे पाहतात.