नऊवारी

नऊवारी म्हणजे परकर न घालता, कासोटा मारून नेसायचे नऊ वार लांबीचे लुगडे. वार म्हणजे तीन फूट. त्या हिशेबाने हे कापड सुमारे ८.२ मीटर भरते. गावाकडे तिला 'लुगडे' किंवा 'काष्ट्याचे लुगडे' म्हणतात, शहरात 'नऊवार'. सहावारी नेसली जाते ती 'गोल'; निऱ्यांचा काठ पायांमधून मागे नेऊन खोचायचा ती सकच्छ नेसण. रोज नऊवारी नेसणाऱ्या बायका आता बहुतेक म्हाताऱ्या झाल्या आहेत. तरीही लग्नात, मंगळागौरीला, पाडव्याला विशीतल्या मुली हौसेने नऊवारीच मागतात. या ओढीचे मूळ तिच्या नेसणीत शोधावे लागते.

लुगडे पाठीमागून कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारतात. ही गाठ सैल राहिली तर पुढची सगळी मेहनत फुकट, म्हणून नेसवणारी आजी आधी 'पोट आत घे' म्हणते आणि गाठ अशी आवळते की नातीचा श्वास क्षणभर अडकतो. गाठीच्या एका अंगाचे कापड निऱ्यांना, दुसऱ्या अंगाचे पदराला. निऱ्या बोटांवर घालून झाल्या की त्यांचा मधला काठ वाकून उचलायचा, दोन्ही पायांमधून मागे न्यायचा, ताणून त्याच्या बारीक चुण्या करायच्या आणि कण्याच्या रेषेत घट्ट खोचायचा. हा कासोटा. मागे काठ सरळ उतरला तर नेसण साधली. एका बाजूला लोंबला की सोडून पुन्हा पहिल्यापासून. पुढे उरलेला निऱ्यांचा फुगा खोचला की ओचा होतो. हात बसलेली बाई हे सगळे आरशाशिवाय, एकही टाचणी न लावता, पाच मिनिटांत उरकते.

ओचा म्हणजे खिसाच. शेतातून येताना ओच्यात शेंगा, कनवटीला पैसे, पदराच्या टोकाला गाठीत बांधलेली चिल्लर. 'पदरमोड', 'पदर खोचणे', 'पदरात घेणे' हे बोलणे या कापडातूनच आले, आणि ते नेसणाऱ्यांच्या पलीकडे सगळ्या मराठीत पसरले.

नऊवारी हा मुळात कामाचा पोशाख आहे. सणाची साडी म्हणून ती ओळखली जाऊ लागली हे अलीकडचे. कासोट्याने दोन्ही पाय सुटे राहतात. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करावी, डोक्यावर भारा घेऊन घाट चढावा, दिवसभर उकिडवे बसून खुरपावे, लुगडे कुठे अडत नाही. आषाढी वारीत तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या बायका आजही याच नेसणीत दिसतात. २०१४ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवे होते. वर्तमानपत्रांना त्या लुगड्याचे फार नवल वाटले. त्यांच्यासाठी ते रोजचेच होते.

नेसण गावागणिक आणि जातीगणिक बदलते. कोळणींचे लुगडे गुडघ्यापर्यंत, अंगाला घट्ट. ब्राह्मणी नेसणीत ओचा ठळक. देशावरच्या शेतकरी घरांत पदर डोक्यावरून. लावणीच्या फडावर कासोटा चापून बसवलेला, कारण गिरकी घेताना तो सुटून चालत नाही. कापडाचेही तसेच. राबत्याला सुती लुगडे, त्यातही इरकल सर्वांत लाडके. ते कर्नाटकातल्या इळकल गावचे, पण लाल पदराचे ते लुगडे दक्षिण महाराष्ट्राने कधी परके मानले नाही. संक्रांतीला काळी चंद्रकळा, लग्नात वधूला मामाकडची पिवळी अष्टपुत्री, ठेवणीतली म्हणून येवल्याची पैठणी, शिवाय महेश्वरी आणि नारायणपेठी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हे गाव रंगीत नऊवारी लुगड्यांसाठी नावाजले. हातमागाचे लुगडे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या अंगावर काठापदराचे लुगडे आले ते अशा यंत्रमागांमुळे, ही गोष्ट पैठणीच्या कौतुकात विसरली जाते.

या कापडाच्या इतिहासात दुखरी बाजूही आहे. लुगड्याचा रंग बाईचे घरातले स्थान सांगत असे. ब्राह्मण विधवेला केशवपनानंतर आयुष्यभर तांबडे आलवण नेसावे लागे, तेही नऊवारच. नऊवारी म्हणजे वैभव एवढेच लिहिले तर त्या बायकांवर अन्याय होईल.

विसाव्या शतकात शाळा, कॉलेज आणि नोकरी यांच्याबरोबर सहावारी आली. आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकी शिकत असताना, १८८० च्या दशकातच, थंडीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या होत्या. पुढे शहरांतून नऊवारी मागे पडली ती सोयीमुळे: सहावारीला कापड कमी लागते, परकरावर ती झटकन होते आणि पाय झाकले जातात. सुरुवातीला घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलींचे 'गोल' नेसणे थिल्लर वाटे. नंतर लेक-सून सहावारीत आणि आजी नऊवारीत हे घराघरातले चित्र झाले. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांत नऊवारीतल्या मराठी बायका बाजारात, पाणवठ्यावर, देवळात सहज वावरताना दिसतात. तो सहजपणा पुढच्या दोन पिढ्यांत विरला.

आजची लाट आली ती शिवलेल्या नऊवारीवर. कासोटा आणि निऱ्या शिंप्याने आधीच शिवून ठेवलेल्या असतात, कमरेला नाडी किंवा हूक; सलवारीसारखे पाय घालायचे आणि पदर खांद्यावर टाकायचा. दुकानांच्या पाट्यांवर पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी असे प्रकार लिहिलेले असतात. १९९९ पासून डोंबिवलीत आणि मग गिरगाव, ठाणे, पुणे, नाशिक इथे निघू लागलेल्या पाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकल चालवणाऱ्या मुलींनी तिला नवे रूप दिले. परदेशातल्या गणेशोत्सवांना ती घडी घालून बॅगेत जाते. ज्यांच्या घरात नेसवणारे कोणी उरले नाही त्यांना शिवलेल्या नऊवारीने मोठा आधार दिला, तिला नाके मुरडणे बरोबर नाही.

पण भाषेने फरक टिपला आहे. मराठीत सदरा घालतात, लुगडे नेसतात. शिवलेल्या नऊवारीबद्दल मुली अगदी नकळत 'घातली' म्हणतात, आणि ते अचूक आहे. शिवलेले कापड एका मापाचे होते. मूळ लुगडे सोळा वर्षांच्या मुलीला, पोटुशी सुनेला आणि वाकलेल्या आजीला तेच चालत असे, कारण माप गाठीत होते. मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या गटांत काही बायका हट्टाने नेसायला शिकतात. फुगडी आणि कोंबडा एकदा नेसलेल्या लुगड्यात खेळले की कासोटा घट्ट खोचायचा म्हणजे किती, हे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट शिवलेल्या नऊवारीला जमत नाही. सुती लुगडे धुऊन धुऊन मऊ पडले की त्याला दुसरा जन्म मिळे. विरलेला भाग काढून उरलेल्याची बाळाची दुपटी होत, आणि दोन लुगड्यांच्या मध्ये जुन्या कपड्यांचे थर घालून, धावदोरा घालत गोधडी शिवली जाई. कडेला बहुधा त्याच लुगड्याचा काठ लावत, म्हणून पांघरताना कोणती गोधडी कोणाच्या लुगड्याची हे घरातल्या पोरांना काठावरून कळे.