लिनक्स बसवताना डिस्क, वाय-फाय किंवा स्क्रीन ओळखली जात नसेल तर
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपल्यानंतर, सुस्थितीतील जुना लॅपटॉप उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन या लिनक्सच्या आवृत्त्यांवर चालवता येईल का, अशी विचारणा आमच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानात वारंवार होते. बहुतेक यंत्रांवर लिनक्स सहज चालते. जिथे अडते, तिथे ग्राहक घाईने दुसरी आवृत्ती उतरवून पाहतात आणि अडचण तशीच राहते.

एखादा भाग चालत नाही, याची कारणे साधारण तीन असतात. तो भाग बायोसलाच (यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) दिसत नाही. किंवा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसतो, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, उपलब्ध नसतो. किंवा ड्रायव्हर असतो, परंतु चिपमध्ये चढवावी लागणारी फर्मवेअरची फाइल नसते. पहिल्या प्रकारात लिनक्सची आवृत्ती बदलून काही साधत नाही. मुंबईच्या दमट हवेत वापरलेल्या यंत्रात रॅमच्या किंवा एम-डॉट-टू (पातळ पट्टीसारख्या) डिस्कच्या संपर्कपट्ट्यांवर थर साचलेला असू शकतो, आणि वीज पूर्ण बंद करून तो भाग काढून, साफ करून पुन्हा बसवला की काम होते. तिसऱ्या प्रकारात मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याचे कारणच नसते.

हे तीन प्रकार वेगळे करण्यासाठी डिस्कवर काहीही न बसवता पेन ड्राइव्हवरूनच लाइव्ह सत्र सुरू करावे, टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडावे आणि एलएसपीसीआय ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहून, एक जागा सोडून, उणे चिन्ह आणि त्याला जोडून एनएनके असे टाइप करावे. प्रत्येक उपकरणापुढे चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी दिसते. तिचा पहिला भाग उत्पादकाचा असतो (८०८६ म्हणजे इंटेल) आणि दुसरा त्या मॉडेलचा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशा अर्थाची ओळ नसेल, तर उपकरण दिसते आहे, पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही, असे समजावे. ड्रायव्हर लागलेला असूनही उपकरण चालत नसेल, तर सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) डीमेसेज ही कमांड (sudo dmesg) देऊन त्यात फर्मवेअरविषयीची तक्रार शोधावी. यूएसबीवरील उपकरणांसाठी एलएसयूएसबी ही कमांड आहे.

सर्वाधिक गोंधळ डिस्कबाबत होतो. इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच स्टोरेजचे सेटिंग ‘रेड’ (RAID) किंवा ‘आरएसटी’ असे ठेवलेले असते. अशा वेळी विंडोज व्यवस्थित सुरू होते, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई (वेगवान एसएसडी प्रकारची) डिस्क दिसतच नाही. डिस्क खराब झाली असे समजून नवी विकत घेण्याची गरज नाही. बायोसमध्ये ते सेटिंग ‘एएचसीआय’ करावे लागते. मात्र विंडोजही ठेवायचे असेल, तर हा बदल थेट केल्यास विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकते. म्हणून आधी विंडोजमधील एमएसकॉन्फिगमध्ये बूट या टॅबखालील ‘सेफ बूट’वर खूण करावी, यंत्र पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये शिरून सेटिंग बदलावे, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यावे आणि मग ती खूण काढावी. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो आधीच आठवून ठेवावा. बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय बायोसला हातही लावू नये. ती हरवल्यास डेटा आम्हालाही परत काढता येणार नाही.

वाय-फायची अडचण बहुधा फर्मवेअरची असते, आणि ते उतरवण्यासाठी इंटरनेट हवे, तर इंटरनेटसाठी वाय-फाय हवे, अशी ती कोंडी असते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की ती सुटते; बहुतेक वेळा लिनक्सला फोन लगेच तारेच्या जोडणीसारखा दिसतो. डेबियन घेणाऱ्यांनी १२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, कारण तेव्हापासून मुक्त परवान्यात न बसणारे फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या कार्डांना त्यानंतरही स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. या सगळ्याच्या आधी लॅपटॉपच्या कडेचे वायरलेसचे बटण बंद नाही ना, हे पाहावे. असे साधे निदान निघाल्यास आम्ही शुल्क घेत नाही.

सुरू होतानाच स्क्रीन काळी पडत असेल, तर ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली चालवायची हे विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘ई’ दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट (nomodeset) लिहून, एफ१० दाबावे. ही तात्पुरती सोय आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नंतर बसवताना सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारे बायोसमधील सेटिंग) चालू असल्यास एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तो पुन्हा विचारला जातो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडावे. तो पडदा दुर्लक्षून पुढे गेल्यास ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही.

बोटाच्या ठशाचा स्कॅनर अनेक लॅपटॉपवर चालत नाही, आणि त्यासाठी फार वेळ घालवू नये, असे आमचे मत आहे. कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या जुन्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागत असल्याने, तो वापरणाऱ्या कार्यालयांनी लिनक्स बसवण्याआधी आम्हाला तसे सांगावे.

दुकानात येताना लॅपटॉपसोबत चार्जर आणावा, बायोसला पासवर्ड असल्यास तो माहीत असावा, आणि वर सांगितलेल्या कमांडचे उत्तर पडद्यावर असताना फोनने काढलेला स्पष्ट फोटो सोबत असावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत मात्र घरून निघण्यापूर्वीच काढून ठेवावी.