पाटणचा मठ आणि पळी पळी तेल

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत, पाटण इथे पाटणादेवीचं देऊळ आहे. ‘शून्याचा शोध इथेच लागला’ हे तिथे येणाऱ्याच्या कानावर हमखास पडतं. ते खरं नाही. शून्याचे गणिती नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच मांडले होते, आणि ज्यांच्या नावावर हा शोध खपवला जातो ते गणिती भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये. पाटण हे त्यांचं जन्मगाव, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांनी स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जडविड असं दिलं आहे, आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पाटणचा खरा मान एका शिलालेखात आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ च्या सुमारास तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून आपल्याकडे नेलं. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हा गणित-खगोलाचा ग्रंथ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला.

मठ म्हटला की खर्च आला. यादवांचे मांडलिक निकुंभ इथे राज्य करत. त्यांच्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमारास, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर मठाला दान दिलं. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच दिवशी!

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लेखाचा शेवट. राजांची स्तुती आणि वंशावळ संस्कृतात आहे. पण कोणी काय द्यायचं हे सांगायची वेळ आली तशी भाषा मराठी झाली, कारण ते बाजारातल्या माणसाला कळायला हवं होतं. ‘इयां पाटणीं’ जे केणें, म्हणजे विकाऊ माल, उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर ‘मढा दीन्हला’, मठाला दिला. शिवाय दर घाण्यामागे पळी पळी तेल. म्हणजे खान्देशातल्या तेल्याच्या घाण्यावर खगोलशास्त्राची शाळा चालत होती, तीही ज्ञानेश्वरीच्या ८० हून अधिक वर्षं आधी.

हा ‘दीन्हला’ अहिराणी बोलणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे दिलं याला अजूनही ‘दिन्हं’ म्हणतात.