गोळीचा गुण उताऱ्याच्या नावावर

‘तीन आठवडे गोळ्या दिल्या, काही फरक नाही. मग देवऋष्याने उतारा काढला आणि पोरगा शांत झोपला.’ असं सांगणारी आई खोटं बोलत नसते. तिने पाहिलेला क्रमही खराच असतो. फसवते ती गोळीची चाल.

स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, शेजारी पाळत ठेवतात याची खात्री वाटते. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे रसायन गरजेपेक्षा जास्त सुटतं. त्यामुळे शेजारणीचा खोकला, दाराची कडी अशा क्षुल्लक गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो, असं मानलं जातं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधं डोपामाइनच्या डी-२ ग्राहींवर, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागांवर, जाऊन बसतात. साधारण ६५ टक्के ग्राही झाकले की गुण येऊ लागतो. ८० टक्क्यांच्या वर गेलं की हातपाय ताठरतात, बोटं थरथरतात, उशी लाळेने भिजते. मधली पट्टी अरुंद, म्हणून डोस बेताबेताने वाढवतात.

ग्राही झाकायला काही तास पुरतात. पण आधीच मनात घट्ट बसलेला संशय तासांत जात नाही, तो झिजत जातो. झोप आणि चिडचिड आधी सुधारते. आवाज नि संशय पुरते उतरायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. म्हणजे घरच्यांना आधी दिसते ती थरथर, पुरता गुण नंतर. मधेच अमावास्या येते, लिंबू-नारळ उतरवला जातो आणि श्रेय त्याला मिळतं.

गोळी थांबवतानाही हीच फसगत. बंद केल्यावर आजार दुसऱ्या दिवशी उलटत नाही. आठवडे, कधी महिने जातात. ‘गोळीविना ठीकच होता की!’ आणि उलटला की नवी करणी. उन्माद या दुसऱ्या मानसिक आजाराचा झटका तर उपचाराविनाही काही महिन्यांत ओसरू शकतो. भगताकडे नेतात ते त्रास शिगेला पोचल्यावर, पुढे बहुधा उतारच असतो.

अंगारा लावल्याने कुणाचं बिघडत नाही. पण भूत काढायच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांमुळे पळता न आलेले २८ रुग्ण जळून गेले. ते दर्ग्याच्या आशेने तिथे आणलेले होते.

गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ शेजारीशेजारी देण्याचा प्रयोग झाला. घरीही ते जमतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी सुरू केल्याची तारीख लिहा, रोज झोपेचे तास मांडा, उतारा काढला तर तीही तारीख टाका. थरथर दिसली तर गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा थरथर कमी करणारं ट्रायहेक्सिफेनिडिल जोडतात. पहिल्या झटक्यानंतर औषध किमान वर्ष-दोन वर्षं चालतं. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाताना ते कॅलेंडर सोबत न्या. जाणं लांबत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.